पाळीची तारीख यायच्या आधीच "पॉझिटिव्ह" सांगतलं अन् १८,००० घेतले

बायांनो, मूल होत नाही म्हणून जिला घरीदारी बोलणं खावं लागते तिला हे नक्की वाचून दाखवा.

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी एका मेडिकलच्या मागच्या खोलीत नागपूरचा स्पेशालिस्ट म्हणून एक माणूस बसायचा. फाइलचे ३००. अंडं वाढवायच्या गोळ्या अन् अंडं फुटायचं इंजेक्शन, पॅकेज २१,५००. कापसाचा चुकारा आला होता तोच दिला. बिल मागतलं तर म्हणे पॅकेजचं बिल नसते. यांची तपासणी नाही, नळ्यांची नाही, थायरॉइड नाही, सोनोग्राफी तर एकदाही नाही. गोळ्या क्लोमिफेन ५० च्या होत्या, दुकानात एक गोळी दहा रुपयांच्या आसपास पडते! गोळ्यांनंतर सोनोग्राफीत अंडं १८-२० एमएमचं झालं का ते पाहतात अन् मगच अंडं फुटायचं, एचसीजीचं इंजेक्शन देतात, यानं नुसतं कॅलेंडर पाहून टोचलं.

आता ज्याच्यानं आजही अंगाची आग होते ते सांगते. इंजेक्शनला आठवडाच झाला होता, पाळीची तारीख यायचीच होती, अन् यानं लघवीची कार्डवर टेस्ट केली. दोन रेघा आल्या. तारीख चुकली नाही तर टेस्ट कशाची, हे तिथंच विचारायला पाहिजे होतं. पण लग्नाला सात वर्षं झालेली बाई दोन रेघा पाहून प्रश्न विचारते का, सांगा तुम्हीच. मी विचारलं नाही, कोणीच विचारलं नसतं. सासूबाईंनी गावात पेढे वाटले अन् यांनी "गर्भ टिकवायच्या" औषधाचे १८,००० भावाकडून उसने आणून त्याच्या हातात ठेवले.

पाळी आली. तो म्हणे गर्भ पडला, तुम्ही वावरात वाकल्या असान.

जिल्ह्याच्या डॉक्टर मॅडमनं फाइल पाहिली अन् डोक्याला हात लावला. कार्ड जे एचसीजी (गर्भ राहिल्यावर अंगात तयार होणारं हार्मोन) शोधते तेच त्या इंजेक्शनात असते, दहा-बारा दिवस, कधी चौदा दिवस अंगात राहते, तोवर कार्डावर दोन रेघा येऊ शकतात, गर्भ असो नसो. म्हणजे त्या रेघा त्यानंच टोचलेल्या औषधाच्या होत्या. अन् पडला तो कोणता गर्भ? सासूबाई अजून मलेच दोष देतात.

एकूण गेले ३९,८००. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणे, "पोट्टं झालं नाही म्हून गुन्हा दाखल होते का वो बाई? पावती आणा." तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं गेलो, ते म्हणे जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर अर्ज तालुक्यातूनच यायला पाहिजे. औषध प्रशासनवाल्यांना इंजेक्शनची शिशी पाहिजे, आता रिकामी शिशी कोण जपून ठेवते? बोगस डॉक्टर शोधायची समिती कलेक्टरच्या हाताखाली कागदावर आहे, तिच्या नावानं अर्ज दिला तर बाबू म्हणे त्याचा रजिस्ट्रेशन नंबर लिहा. अरे, तो नंबर नाही म्हणूनच तर आलो ना आम्ही! दर खेपेला एसटीचं भाडं अन् मजुरी बुडली ती वेगळीच.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर डॉक्टरचं नाव टाकून पाहा, पैसे द्यायच्या आधी. सोनोग्राफीशिवाय इंजेक्शन घेऊच नका, जास्त अंडी वाढून पोट फुगलं, उलट्या झाल्या, दम लागला तर जीवावर बेतते, तेव्हा घरी थांबू नका. आधी नवऱ्याची तपासणी, ते नाही म्हणाले तरी. इंजेक्शननंतर दोन आठवडे कार्ड कोणालाही करू देऊ नका.

तो माणूस आता आमच्याकडं येत नाही, पुसदच्या बाजूला बसतो असं ऐकलं. कोणी त्याच्याकडं गेली असेल तर चिठ्ठी, गोळ्यांचं पाकीट काहीच फेकू नका, मला कळवा. माझ्या एकटीच्या अर्जाची पोच पडून आहे, चार बायांनी मिळून दिला तर त्यांना घ्यावा लागन.