खडी पुरली, म्हणूनच चोरी दिसली नाही

खडीच्या व्यवहारात फसलेले लोक बहुतेक एकच तक्रार सांगतात: माल कमी पडला. आमच्या कामावर तसं काही झालं नाही. काँक्रीट पूर्ण झालं तेव्हा खडीचा ढीगही संपला होता. कमी पडली नाही, उरली नाही. आणि तरीही आम्ही सहा ब्रासचे (ब्रास म्हणजे 100 घनफूट) पैसे मोजून साडेचार ब्रासपेक्षा जेमतेम थोडी जास्त खडी घेतली होती. ही पद्धत इतकी शांतपणे काम करते की ती आकड्यांसकट सांगायलाच हवी.

काम साधं होतं. 40 फूट लांब, 25 फूट रुंद आणि 6 इंच जाड असं जमिनीवरचं काँक्रीट, म्हणजे 500 घनफूट. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण 1:2:4. खडी पुरवणारा म्हणाला, "हिशोब मी करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत." त्याने आमच्यासमोर कागदावर आकडेमोड केली आणि तो कागद आमच्याकडेच ठेवला. पुढे तोच उपयोगी पडला.

कागदाची सुरुवात अगदी बरोबर आहे. 500 ला 1.54 ने गुणून कोरडा माल 770 घनफूट. त्याचे सात भाग, त्यातले चार खडीचे, म्हणजे 440 घनफूट. इथपर्यंत कुठलाही अभियंता सही करेल. मग खाली एक ओळ येते: "दबाई 30 टक्के". झाले 572. त्याखाली "नासाडी 5 टक्के". झाले 600, म्हणजे सहा ब्रास. दोन ब्रासच्या तीन गाड्या.

खोट त्या दबाईच्या ओळीत आहे. रस्त्याच्या किंवा फरशीच्या खाली खडी सैल पसरून रोलर फिरवतात, तेव्हा थर खाली बसतो. तिथे 20 ते 30 टक्के जास्त माल धरणं योग्यच. काँक्रीटचं तसं नसतं. खडीमधल्या पोकळीत वाळू शिरते आणि वाळूमधल्या पोकळीत सिमेंट, म्हणून कोरडा माल तयार काँक्रीटपेक्षा आकाराने जास्त लागतो. त्यासाठीच तर 1.54 ने गुणलेलं असतं. त्यावर पुन्हा दबाई लावली की पोकळीची भरपाई दोनदा होते. खरी गरज 440 अधिक 5 टक्के नासाडी, म्हणजे 462 घनफूट.

आता गाड्यांकडे या. त्याने सांगितलेलं हौद्याचं माप 14 फूट लांब, 7 फूट रुंद आणि भरलेली उंची 2 फूट. गुणाकार 196, म्हणून "दोन ब्रास धरा". ही लांबी-रुंदी बाहेरून घेतलेली होती. आतून हौदा साडेतेरा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. भरलेली उंची, मधला उंचवटा सपाट केल्यावर, पावणेदोन फूट. गुणून पाहा, 154 घनफूटही भरत नाहीत. अशा तीन गाड्या म्हणजे सुमारे 461 घनफूट.

गरज 462, आलेला माल 461, बिल 600 चं. वाढवलेल्या अंदाजाने कमी भरलेली गाडी झाकली. दोन्ही खोटेपणा एकाच माणसाच्या हातात होते म्हणूनच हे इतकं बेमालूम जुळलं. अंदाज दुसऱ्या कुणी काढला असता तर पहिल्याच गाडीला बोंब झाली असती.

उघड झालं ते सिमेंटमुळे. आमच्या गवंड्याने किती गोण्या वापरल्या ते लिहून ठेवलं होतं: 90. एका गोणीचं माप साधारण सव्वा घनफूट, म्हणजे 1:2:4 मध्ये दर गोणीला पाच घनफूट खडी. 90 गोण्यांना 450. गवंडी म्हणाला, "पेटीने मोजून टाकलीय, सहा ब्रास खडी या कामात गेलीच नाही." दीड ब्रास खडी गेली कुठे, याचं उत्तर त्या कामावर कुठेच सापडत नव्हतं. पुढच्या कामासाठी गाडी आली तेव्हा रिकामी करण्याआधी टेप घेऊन हौद्यात चढलो आणि वरची मापं हाती आली.

पुरवणाऱ्याने मग एकामागून एक कारणं दिली. खडी ओली होती, वाळल्यावर आकसली, हे पहिलं. हा गुण वाळूचा. दमट वाळू फुगते आणि तिचा आकार पाव हिश्शाइतकाही वाढू शकतो. खडीत हा परिणाम जवळपास नसतोच. प्रवासात हादऱ्यांनी खडी बसते, हे दुसरं. ते खरं आहे, पण थोडीशी. पाव गाडी त्यात नाहीशी होत नाही.

तिसरं कारण सगळ्यात धोकादायक, कारण त्याला छापील पावती जोडलेली होती. वजनकाट्याची पावती: निव्वळ माल साडेसहा टन. "साडेसहा टन म्हणजे दोन ब्रास, काटा खोटं बोलत नाही." काटा खरंच खोटं बोलत नव्हता, भागाकार बोलत होता. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. सैल भरलेल्या नेहमीच्या खडीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या आसपास असतं, म्हणजे ब्रासला सव्वाचार टन. साडेसहा टनाचे झाले दीड ब्रास. त्याने ब्रासला सव्वातीन टन धरले होते. इतका हलका दगड नेहमीच्या बांधकामात येत नाही.

हे ताडून बघायला बादली पुरते. बादलीत 10 लिटर पाणी मोजून ओता, पातळीवर खूण करा, पाणी काढून खुणेपर्यंत खडी भरा आणि वजन करा. 14 ते 16 किलो भरायला हवं. त्याच्या हिशोबाने साडेअकरा भरायला हवं होतं. आमच्या बादलीत पंधराच्या जवळ भरलं. त्याच्यासमोर.

ढिगाकडे बघून अंदाज करणाऱ्यांना कळकळीने सांगतो, नजरेवर हे सोडू नका. पायथ्याशी 13 फूट व्यास आणि साडेचार फूट उंची असलेला शंकूसारखा ढीग साधारण 199 घनफुटांचा असतो. व्यास 12 फूट आणि उंची 4 फूट असेल तर 151. एक फूट इकडे, अर्धा फूट तिकडे, आणि जवळजवळ पाव माल गेलेला. अनुभवी माणसालाही तो फरक उभ्याने दिसत नाही. पायथ्याच्या घेराचा वर्ग करा, उंचीने गुणा, 37.7 ने भागा. ढिगाचं घनफळ मिळेल.

आता आमच्या कामावर अंदाज गवंडी आणि अभियंता काढतात, पुरवणारा नाही. बिल "गाडी"वर होत नाही, आतून मोजलेल्या घनफुटांवर होतं, आणि माप गाडी उलटवण्याआधी, खडी सपाट करून, चालकासमोर घेतलं जातं. हौद्याचा तळ कुठे उचललेला आहे का तेही आतून-बाहेरून उंची मोजून बघतो. आधीच्या दीड ब्रासचे पैसे मात्र आजपर्यंत परत आलेले नाहीत. कारण पावत्यांवर घनफुटांचा आकडाच नव्हता, फक्त "तीन गाड्या" असं लिहिलेलं होतं.