आमदार, विधानभवन आणि ज्येष्ठांची वसाहत: कोणतं दार किती उघडतं

पुण्याच्या आसपास ज्येष्ठांसाठी खास बांधलेल्या वसाहतींमध्ये राहणारे बरेचजण बँक, सरकारी खाती, कॉलेजं, कारखाने यांतून निवृत्त झालेले आहेत. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तरी त्यांनी आमदारांना दिलेली निवेदनं बरीचशी वाया जातात. दार चुकीचं, वेळ चुकीची आणि मजकूर चार पानी, ही तीन कारणं. म्हणून राज्याच्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोचण्याचे जे मार्ग आहेत, त्यांचं हे परीक्षण. सेवा म्हणून ते कसे आहेत आणि त्यांतून काय पदरात पडतं, एवढंच पाहिलं आहे.

जनसंपर्क कार्यालय: पाचपैकी साडेतीन

हे सर्वांत जवळचं आणि सर्वांत गैरसमज असलेलं दार. इथे तुमची गाठ पडते ती स्वीय सहायकाशी. "काका, साहेब दौऱ्यावर आहेत, निवेदन ठेवून जा" हे ऐकून रागावण्यात अर्थ नाही, कारण काम करणारा माणूस तोच आहे. निवेदनाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हा क्रमांक नसेल तर पंधरा दिवसांनी फोन केल्यावर "कुठलं निवेदन?" इथूनच सुरुवात होते.

या कार्यालयाची खरी ताकद दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे आमदारांच्या लेटरहेडवर खात्याला जाणारं पत्र. लोकप्रतिनिधीच्या पत्राची पोच आणि उत्तर द्यावं असे शासनाचे आदेश आहेत, त्यामुळे तेच म्हणणं तुमच्या सहीने गेलं तर पडून राहतं आणि त्यांच्या सहीने गेलं तर निदान फाइल हलते. दुसरी म्हणजे बैठक लावून घेणं. महापालिका, महावितरण, पोलिस, आरोग्य खातं असे तीन-चार विभाग एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर पत्रापेक्षा आमदारांच्या उपस्थितीत संयुक्त बैठक लावायला सांगा. बैठक झाल्यावर इतिवृत्त मागा. इतिवृत्त नसलेली बैठक म्हणजे चहापाणी.

निवेदन एका पानाचं, एका विषयाचं. "वसाहतीसमोरील रस्त्याची दुरवस्था दूर व्हावी" हे वाक्य कुणाच्याच टेबलावर काम बनत नाही. "मुख्य फाटकापासून बसथांब्यापर्यंत पदपथ तीन ठिकाणी तुटला आहे, जागा सोबतच्या नकाशात दाखवल्या आहेत, छायाचित्रं तारखेसह जोडली आहेत, याबाबत क्षेत्रीय कार्यालयाकडे अमुक तारखेला तक्रार केली, तिचा क्रमांक हा" असं लिहिलं की सहायकाला पत्राचा मसुदा तयारच मिळतो. सह्यांची मोहीम काढायची असेल तर मागणीचा मजकूर सह्यांच्या पहिल्याच पानावर हवा. कोऱ्या कागदांवर आधी सह्या आणि मागाहून मजकूर, हा प्रकार अनुभवी सहायक लगेच ओळखतो.

चुकीच्या दारात जाणाऱ्या मागण्या

रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. ती परत सुरू करा, असं आमदारांना सांगून काही होत नाही, तो विषय केंद्राचा आणि खासदारांचा. एसटीची सवलत मात्र राज्याची: ६५ वर्षांवरील लोकांना निम्मं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील लोकांना मोफत प्रवास. राज्य सरकारला हलवून काय मिळू शकतं याचं हे ठोस उदाहरण.

मासिक शुल्कावरच्या जीएसटीचा विषय थोडा वेगळा. सोसायटीचं शुल्क सभासदामागे महिन्याला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा जास्त असली की १८ टक्के कर लागतो. जेवण, परिचारिका, रुग्णवाहिका अशा सेवांमुळे ज्येष्ठांच्या वसाहतीत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. दर जीएसटी परिषद ठरवते आणि त्या परिषदेत राज्याचे प्रतिनिधी असतात. म्हणजे आमदारांकडे मागायचं ते एवढंच, की ज्येष्ठांच्या वसाहतींसाठी ही मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव राज्याने परिषदेत मांडावा. "जीएसटी रद्द करा" असं लिहिलेला कागद केंद्राकडे पाठवून आमदार मोकळे होतात.

विकासकाशी करारावरून वाद असेल तर आमदारांचं पत्र महारेरात (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोगात चालत नाही, कारण तिथे सुनावणी होते. इथे लोकप्रतिनिधींचं काम वेगळं आहे. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न घसरणाऱ्या फरशा, आधाराचे कठडे अशा गोष्टी विक्री करारात आल्या पाहिजेत, असं त्यात आहे. पण ही तत्त्वं नव्या प्रकल्पांसाठी आहेत. आधीच राहायला आलेल्या लोकांचं काय, आणि ताबा दिल्यानंतर जेवण, वैद्यकीय सेवा आणि त्यांचे दर यांच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न धोरणाचा आहे. वसाहतीने आमदारांकडे न्यावा असा सर्वांत मोठा विषय हाच, आणि तोच सर्वांत कमी नेला जातो. लिफ्टचं बिघडलेलं बटण मात्र सगळ्यांच्या निवेदनात असतं.

सभागृहातला प्रश्न: पाचपैकी साडेचार, पण वेळ पाळली तर

विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य. वर्षाला साधारण तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नाची सूचना सदस्याला अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते. वसाहतीचं शिष्टमंडळ अधिवेशन सुरू झाल्यावर पेढे आणि निवेदन घेऊन जातं, तेव्हा प्रश्नांची मुदत केव्हाच संपलेली असते. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात कच्चा मजकूर पोचवावा. वेळ निघून गेली असेल तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा हे तातडीचा विषय सभागृहात मांडण्याचे मार्ग राहतात, पण त्यांना विषय ताजा आणि गंभीर लागतो.

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न चर्चेला येतात. बाकीच्यांची उत्तरं छापील मिळतात. छापील उत्तर कमी दर्जाचं समजू नका. खात्याने सभागृहाला लेखी दिलेली माहिती पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येते. मंत्री सभागृहात "कार्यवाही करू" म्हणाले तर ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. हे माहीत असलेली वसाहत त्या दिवसाचं कामकाज काढून ठेवते आणि पुढच्या अधिवेशनाआधी आमदारांना त्याची आठवण करून देते.

चांगला प्रश्न कसा तयार होतो? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा, महाराष्ट्राचे नियम २०१० चे. पोलिस ठाण्याने हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा भेट द्यावी, अशी व्यवस्था त्यांत सांगितली आहे. आता थेट आमदारांकडे न जाता आधी माहिती अधिकाराचा अर्ज करा: जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. गेल्या वर्षभरात यादीत किती नावं होती, किती भेटी झाल्या, नोंदवहीची प्रत द्या. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की, अगदी "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तरी, ते प्रश्नाच्या मसुद्याला जोडा. आमदारांना सभागृहात उभं राहायला पुरावा लागतो. तो हातात देणारे नागरिक त्यांना आवडतात, मग आमदार कोणत्याही पक्षाचे असोत.

विनंती अर्ज समिती: पाचपैकी तीन

दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्या आहेत, आणि बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नसतं. अर्ज सभागृहाला उद्देशून असतो आणि तो सदस्यामार्फत सादर होतो, म्हणजे इथेही आधी आमदार राजी हवेत. भाषा सभ्य, मागणी शेवटी स्पष्ट, नाव-पत्ता-सही पूर्ण, आणि विषय न्यायप्रविष्ट नको. समिती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते, हे तिचं बळ. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत आणि अहवाल यायला वेळ लागतो, ही तिची मर्यादा. एका वसाहतीच्या अर्जापेक्षा जिल्ह्यातल्या पाच-सहा वसाहतींचा आणि ज्येष्ठ नागरिक संघांचा एकच अर्ज इथे जास्त वजनाचा. राज्यभर पसरलेला फेस्कॉम हा महासंघ अशा वेळी सोबत असलेला बरा.

मसुद्यावर हरकती

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं की कधी कधी जनतेकडून सूचना मागवल्या जातात. विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा १२,००० हून अधिक सूचना आल्या होत्या. नियमांच्या मसुद्यांवर तर हरकती मागवण्याची पद्धतच आहे. २०२५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नियमांचा मसुदा असाच निघाला होता. मुदत छोटी असते आणि जाहिरात फार होत नाही, म्हणून राजपत्र आणि विधिमंडळाचं संकेतस्थळ पाहण्याचं काम वसाहतीतल्या एकाने अंगावर घ्यावं. हरकत नियमाच्या क्रमांकासह द्यावी, आणि बदललेलं वाक्य स्वतः लिहून द्यावं. "ज्येष्ठांचा विचार व्हावा" ही हरकत होत नाही.

आमदार निधी

वर्षाला ५ कोटी, पूर्ण मतदारसंघासाठी. आमदार फक्त शिफारस करतात; मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा हे सगळं जिल्हा नियोजन आणि कामाच्या यंत्रणेकडून होतं. कुंपणाच्या आतलं काम मागितलं की खासगी मालकीचा मुद्दा येऊन फाइल अडकते. त्याऐवजी फाटकाबाहेरचा बसथांबा, सार्वजनिक उद्यानातले बाक आणि कठडे, पदपथाचा उतार मागा. मिळण्याची शक्यता बरी असते.

लोकशाही दिनाचं दार आमदारांचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं आणि महापालिकेचं आहे. महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी. वैयक्तिक तक्रारीला ठीक, धोरणाला निरुपयोगी.

मतदारयादी: इथे सगळं ठरतं

स्वीय सहायक निवेदन घेतल्यावर मतदारयादी उघडून बघतो, हे कटू असलं तरी खरं आहे. वसाहतीत राहायला येऊन वर्षं झाली आणि नाव अजून जुन्या फ्लॅटच्या किंवा मुलाच्या पत्त्यावर, अशी उदाहरणं ढिगाने सापडतात. मग तुम्ही ज्यांना निवेदन देता त्यांचे मतदारच नसता. पत्ता बदलायला नमुना ८. निधन झालेल्यांची नावं कमी करायला नमुना ७. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर इथे राहणाऱ्यांना मताधिकार नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना नमुना ६अ भरून नोंदणी करता येते, मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदानासाठी नमुना १२ड आहे. त्याची मुदत निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून फक्त पाच दिवस, आणि एकदा तो पर्याय मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

वसाहतींनी सर्वांत दुर्लक्षित केलेलं दार म्हणजे विधानपरिषदेचा पदवीधर मतदारसंघ. राज्यात असे सात. पुणे पदवीधरमध्ये पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. पदवीधरांनी भरलेल्या वसाहतीचं वजन विधानसभेपेक्षा इथे जास्त पडतं, कारण नोंदणीच मुळात कमी होते. यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच, असं नाही. नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना १८. पदवी १ नोव्हेंबर या अर्हता (पात्रता मोजण्याच्या) तारखेआधी किमान तीन वर्षं घेतलेली असावी, आणि पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडावी. अगदी अलीकडे निवृत्त झालेल्या शिक्षकांनी नमुना १९ ही बघावा: गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा वरच्या वर्गांना शिकवलेलं असेल तर शिक्षक मतदारसंघातही नाव लागतं.

सोसायटीच्या सचिवांनी सगळ्यांचे अर्ज गठ्ठ्याने नेऊन दिले तर ते स्वीकारत नाहीत. घरातला एकजण त्याच घरातल्या इतरांचे अर्ज देऊ शकतो, शेजाऱ्यांचे नाही. म्हणून सचिवांनी करायचं ते एवढंच, की कोरे नमुने, साक्षांकनाची सोय आणि कार्यालयात न्यायला गाडी. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या मतदानाच्या दिवशी केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. बरोबरची खूण केली, "एक" असं अक्षरात लिहिलं किंवा खिशातलं पेन वापरलं, तर मत बाद.