गोठलेलं फिश हाऊस सोडवताना: पहार, चेन सॉ, जॅक की गरम पाणी?

फिश हाऊस, म्हणजे गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकायला आडोसा म्हणून ठेवलेलं छोटं घर, बर्फात गोठून बसलं असेल, तर ट्रक आणि ओढायचा पट्टा आधी बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी मी हिसका देऊन ओढायला गेलो होतो. घर जागचं हललं नाही, पुढचा हूक मात्र लाकडासकट उपटून आला. पट्टा तुटून कुणाच्या अंगावर आला असता तर काय झालं असतं, याची आजही धडकी भरते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्यावरून ही घरं काढायची मुदत ठरलेली आहे. दक्षिणेकडच्या दोन-तृतीयांश भागात मार्चचा पहिला सोमवार, उत्तरेकडे तिसरा. मुदत जवळ आली की घाई होतेच, तरी अर्धा तास घराला नेमकं कशाने धरलंय हे बघण्यात घालवा. हिमाचा थर चढला की त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो, गळाच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी वर येतं आणि घराभोवती झालेला लगदा रात्रीतून घट्ट होतो. आतल्या हीटरच्या उबेनेही घर हळूहळू खाली बसतं. वारा लागू नये म्हणून भिंतीलगत हिमाची भर घातली असेल, तर तीही दगडासारखी झालेली असते. एका कोपऱ्यात खणून पाहा: खालची स्कीड (ज्यावर घर घसरत नेतात ती पट्टी) चार बोटं रुतली आहे की वीतभर? पुढची निवड त्यावर ठरते.

चार बोटांपर्यंत रुतली असेल तर बर्फ फोडायची पहार पुरते. स्वस्त, शांत, आणि हाताला कळतं की बर्फ कुठे संपला नि लाकूड कुठे लागलं. पत्र्याच्या भिंतीपासून मात्र चार बोटं लांब राहा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कपच्या काचेसारख्या उडतात. मोठ्या घराभोवती फिरायला दोन माणसांची अख्खी सकाळ जाते.

वीतभर रुतली असेल तर पहारीने पाठ मोडते. तिथे चेन सॉ कामाची. पण पात्याने बर्फ आरपार कापला की खालचं पाणी चरात वर येतं आणि सोडवलेलं घर पुन्हा गोठतं. म्हणून अर्धवट खोलीपर्यंत कापायचं आणि उरलेलं पहारीने फोडायचं. नेहमीचं चेन ऑइल तळ्यात जाऊ देऊ नका, त्याऐवजी खायचं तेल भरा. स्कीडचा लोखंडी भाग लागला की साखळी बोथट होते आणि सॉ अंगावर उसळू शकते. सवय नसेल तर सॉ चालवणाऱ्याला बोलवा.

माझा भरवसा सगळ्यात जास्त जॅकवर आहे. भोवतीचा बर्फ फोडला तरी तळाची पकड राहतेच, आणि ती ओढून नव्हे, उचलून सुटते. बाटली जॅक (बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक) बसेल एवढा खळगा कोपऱ्याशी करा, खाली जाड फळी ठेवा, नाहीतर जॅकच बर्फात घुसतो. चौकटीच्या मजबूत जागी टेकवून थोडा दाब द्या आणि थांबा. कडकन आवाज येतो, तो पकड सुटल्याचा. मग दुसरा कोपरा. एकाच कोपऱ्यावर जोर दिला तर दाराची चौकट तिरकी होते. हात किंवा पाय घराखाली घालू नका. कोपरा उचलला की लगेच लाकडी ठोकळा सारा आणि त्याच दिवशी घर ओढून न्या. रात्र गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गरम पाणी मी फक्त कापडी तंबूसाठी वापरतो. त्याची बर्फात अडकलेली झालर पहारीने फाटते, कोमट पाण्याने आणि रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सुटते. लाकडी घराखाली ओतलेलं पाणी कडक थंडीत गोठून पकड उलट वाढवतं. मीठ तर नकोच. एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोडं पाणी कायमचं खराब करतं, आणि हेच पाणी वॉलाय माशांचं घर आहे.

ट्रक तळ्यावर न्यायच्या आधी बर्फ मोजा. मध्यम पिकअपला ३३ सेंटिमीटर स्वच्छ, निळसर बर्फ लागतो. पांढऱ्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच असते. मार्चमध्ये उन्हाने बर्फ आतून पोकळ होतो, त्यामुळे जाडीचा आकडा पुरेसा दिसला तरी किनाऱ्याजवळ आणि भेगांपाशी पुन्हा तपासा.

पुढच्या हंगामात घर पहिल्या दिवसापासून ठोकळ्यांवर ठेवा आणि अधूनमधून जागा बदला. परतताना ते ठोकळेही बर्फातून खणून काढा, म्हणजे वसंतात कुणाच्या बोटीखाली येणार नाहीत.