मेल आपल्याच कॉलेजातून आला होता

सेमिनार, कार्यशाळा, स्मरणिका असली कामं ज्यांच्या गळ्यात पडतात, त्या प्राध्यापकांनी हे जरूर वाचावं. या कामांत ॲडव्हान्स आपण खिशातून भरतो आणि बिल मंजूर होऊन पैसे परत यायला मार्च उजाडतो. मधेच कुणी ते लाटले तर ते कॉलेजचे जात नाहीत, आपले जातात. माझे ४८,००० रुपये असेच गेले.

आमच्या विभागाचा कोल्हापुरात सेमिनार होता. शोधनिबंधांचं पुस्तक शाहूपुरीतल्या एका प्रेसकडे छापायला दिलं होतं. कोटेशन, मुखपृष्ठ, प्रुफं सगळं मेलवर चालायचं: मी, सहसमन्वयक सर आणि प्रेस. एका संध्याकाळी त्याच साखळीत सरांचं उत्तर आलं. ‘मॅडम, प्रेसचं नेहमीचं खातं ऑडिटमुळे बंद आहे. ॲडव्हान्स सोबतच्या खात्यावर टाका, कागदाचा भाव वाढायच्या आत.’ खाली आमचा जुना पत्रव्यवहार जसाच्या तसा, कोटेशनचा आकडा रुपयाला रुपया बरोबर. पत्ता सरांचाच, कॉलेजच्या डोमेनचा (म्हणजे @ नंतरचं नाव कॉलेजचंच), एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी एनईएफटी केलं. काही दिवसांनी प्रेसच्या मालकांचा फोन आला, ‘काय ओ मॅडम, ॲडव्हान्सचं काय झालं? कागद उचलायचाय.’

सरांनी तसं काही लिहिलंच नव्हतं.

आमच्याकडे मेलची व्यवस्था बघणाऱ्या मुलाने तो मेल उघडून त्याचं हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक नोंद, दाखवलं. पाठवणारा खरा का, हे बघणाऱ्या तीन तपासण्या: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. म्हणजे मेल खरोखर आमच्याच सर्व्हरवरून निघालेला, वाटेत कुणी बदललेला नाही. मग त्याने क्वारंटाइनची, म्हणजे फिल्टरने अडवून ठेवलेल्या मेलची यादी उघडली, आणि तिथे प्रेसचा खरा मेल अडकून पडला होता! त्यात बिल होतं, बरोबर खाते क्रमांक होता. तो खोट्या मेलच्या आदल्याच दिवशी आला होता.

हे असं का होतं ते समजून घ्यायला हवं, कारण ‘फिल्टर आहे ना’ हे वाक्य स्टाफरूममध्ये फार ऐकू येतं. मेल पोचवायची जी पद्धत आजही चालते, तिचे नियम १९८२ सालचे. त्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने पाठवावं. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही नंतर लावलेली ठिगळं. पहिलं सांगतं की या डोमेनचा मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो, दुसरं मेलवर डिजिटल सही करतं, आणि तिसरं ठरवतं की या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं. त्यानंतर संशयाचे गुण मोजले जातात. काळ्या यादीतला आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक), सही नसणं, विषयात मोठ्या लिपीत ‘अर्जंट पेमेंट’, संशयास्पद लिंक, प्रत्येकाचे थोडे थोडे गुण. स्पॅमअसॅसिन नावाच्या जुन्या, फुकट मिळणाऱ्या फिल्टरमध्ये मुळात ठरलेली मर्यादा ५ गुणांची आहे. आमच्याकडे तीच होती. प्रेसचं होस्टिंग स्वस्तातलं, एकाच सर्व्हरवर शंभर जणांची बिऱ्हाडं, डीकेआयएम लावलेलंच नाही. मालकांनी विषयही कॅपिटलमध्ये ठोकलेला. गुण भरले ६.३ आणि मेल अडकला. चोराचा मेल मात्र घरातूनच आलेला, त्याला शून्य. गेटवरचा वॉचमन ओळखपत्र बघतो. ते चोरीचं आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

ओळखपत्र कसं चोरलं गेलं? सरांना आधी ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पडताळणी करा’ असा मेल आला होता. लिंकमध्ये कॉलेजचं नाव होतं, पुढे ‘एसी’, आडवी रेघ, ‘इन’ आणि शेवटी ‘डॉट कॉम’. सरांनी तिथे पासवर्ड टाकला आणि तो चोराच्या हाती गेला. खरं ‘डॉट एसी डॉट इन’ डोमेन फक्त अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतं, तेही शिक्षणसंस्थेची कागदपत्रं दाखवल्यावर. ‘डॉट कॉम’ कुणीही पाच मिनिटांत विकत घेतो. म्हणून डोमेन नेहमी उजवीकडून वाचावं. आणि कालच घेतलेलं डोमेन बहुधा काळ्या यादीत आलेलं नसतं, त्यामुळे तो मेलही फिल्टरमधून सुखरूप आला.

आता पैशांचं. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, आपण टाइप केलेलं नाव कुणी जुळवत बसत नाही. मी प्रेसचं नाव लिहिलं होतं, खातं कुणा तिऱ्हाईताचं होतं. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. ती माझ्यानंतरची गोष्ट. आता ते नाव दिसतं तर वाचा, नुसतं पुढे ढकलू नका. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर लावाल तर चोरच उचलेल.

१९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवली. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची तोवर एटीएममधून निघाली होती. फसल्याचं कळताच पहिला फोन १९३० लाच करा. आमच्याकडे आधी प्राचार्यांना अर्ज, मग विभागाची बैठक असं रीतसर चाललं होतं, त्यात अख्खी दुपार गेली.

सरांनी पासवर्ड त्याच दिवशी बदलला. तरीही प्रेसचे मेल त्यांना दिसेनात. चोराने त्यांच्या खात्यात एक नियम करून ठेवला होता: प्रेसकडून आलेला प्रत्येक मेल वाचलेला म्हणून खूण करून अर्काइव्हमध्ये टाकायचा. म्हणूनच सरांना इतके दिवस पत्ता लागला नव्हता. पासवर्ड बदलल्याने असा नियम पुसला जात नाही, तो सेटिंग्जमध्ये जाऊन हातानेच काढावा लागतो. शेजारीच फॉरवर्डिंगचा रकाना असतो, तोही बघा. आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, मगच दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.