बदाम की काजू, ओव्हन की पॅन: सुक्यामेव्याच्या आवरणाचे चिकन घरी करण्यापूर्वी

पावाच्या चुऱ्याऐवजी सुक्यामेव्याची भरड लावून चिकन करायचे ठरवले की दोन प्रश्न लगेच उभे राहतात. आवरण कशाचे करावे, हा पहिला आणि ते कशावर शिजवावे, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर चवीवरून देतात आणि दुसऱ्याचे घरात जे उपकरण असेल त्यावरून. मात्र या दोन्हींचा निर्णय एकत्र घ्यावा लागतो, कारण या पदार्थात दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने घडत असतात. आतले मांस मध्यभागी ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे आणि तोपर्यंत बाहेरचे आवरण तांबूस झाले पाहिजे, पण करपता कामा नये. पावाचा चुरा या बाबतीत बऱ्याच चुका पोटात घालतो. सुकामेवा तितका उदार नाही. त्यात स्निग्धांश भरपूर असतो, प्रथिने असतात, थोडी नैसर्गिक साखरही असते, त्यामुळे तो लवकर रंगतो आणि रंगल्यानंतर कडवट व्हायला त्याला फार वेळ लागत नाही. कोणता सुकामेवा कोणत्या पद्धतीबरोबर जुळतो, हे पाहताना मुख्य कसोटी हीच ठेवावी.

सुरुवात बदामापासून करतो, कारण पहिल्यांदा करणाऱ्याने बदामच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. बदामात वजनाच्या साधारण निम्मा स्निग्धांश असतो, तरीही त्याचा दाणा कठीण आणि कोरडा राहतो. मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवला तर रव्यापेक्षा थोडी जाड, मोकळी भरड मिळते. ओव्हनच्या उष्णतेत तो सावकाश रंगतो आणि गार झाल्यावरही त्याचा कुरकुरीतपणा टिकतो. चव सौम्य असल्यामुळे लसूण, मिरी, लिंबाची साल, लाल तिखट यांपैकी काहीही त्याच्याबरोबर चालते. बाजारात मिळणारे बदामाचे अगदी बारीक पीठ मात्र या कामाला एकट्याने वापरू नये. ते अंड्यात भिजून दाट, मऊ लेप तयार करते आणि कुरकुरीतपणा हाती लागत नाही.

काजूची गोष्ट उलटी आहे. त्यात स्निग्धांश बदामापेक्षा थोडा कमी आणि पिष्ट व साखर जास्त असते. खाताना तो गोडसर व मऊ लागतो तो यामुळेच, आणि पॅनमध्ये बदामाच्या आधी काळा पडतो तोही याच कारणाने. मी पहिल्यांदा काजूचे आवरण केले तेव्हा मोठ्या आचेवर दोन मिनिटांत बाहेरचा रंग अगदी मनाजोगता आला, आणि कापून पाहिले तर आतले मांस अजून गुलाबी होते. पुढची पाच मिनिटे मांस शिजवण्यात गेली आणि आवरण हातचे गेले. काजू घ्यायचाच असेल तर तो ओव्हनमध्ये आणि मांस पातळ करूनच घ्यावा. त्याचे आवरण खुसखुशीत होते, कुरकुरीत नव्हे, हा फरकही आधीच मान्य केलेला बरा.

शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगवर्गीय आहे, पण स्वयंपाकात त्याची वागणूक सुक्यामेव्यासारखीच असते. त्याची चव ठाम आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे, कारण शेंगदाणा घातला की पदार्थ शेंगदाण्याचाच होतो. नाजूक मसाले त्याच्यापुढे टिकत नाहीत, आले, तिखट आणि आंबट मात्र टिकतात. येथे कच्चे दाणे वापरावेत. भाजलेल्या दाण्यांचा कूट हाताशी असतो म्हणून तोच लावण्याचा मोह होतो, परंतु जो दाणा आधीच पूर्ण भाजला आहे तो ओव्हनमध्ये दुसऱ्यांदा भाजला जातो आणि मांस शिजेपर्यंत कडवटपणाकडे झुकतो. हे सर्वच सुक्यामेव्याला लागू आहे. पावाचा चुरा आधी थोडा परतून घेतला तर ओव्हनमध्ये त्याचा रंग चांगला येतो. सुक्यामेव्याच्या बाबतीत ती युक्ती बहुधा अंगाशी येते.

अक्रोड आणि पेकन (अक्रोडासारखाच, पण लांबट सुकामेवा) यांत स्निग्धांश बराच अधिक असतो. अक्रोडात सुमारे ६५ टक्के, तर पेकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे मिक्सरमध्ये ते क्षणात तेल सोडतात आणि भरडीऐवजी गोळा होतो, म्हणून हे दोन्ही सुरीने चिरावेत. अक्रोडाच्या सालीत तुरटपणा असतो आणि तो भाजताना वाढतो. शिवाय त्यातील स्निग्धांश लवकर खवट होतो, तेव्हा डबा जुना असेल तर आधी एक तुकडा चावून पाहावा. पेकन गोडसर असतो आणि मोहरीच्या सॉसबरोबर विशेष चांगला लागतो. पिस्त्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल: रंग सुंदर, चव उत्तम, पण तो हिरवा रंग हवा असेल तर आच मंद ठेवावी लागते, आणि मंद आचेवर कुरकुरीतपणा कमी येतो. पाहुण्यांसमोर मांडण्यासाठी ठीक, रोजच्यासाठी नाही.

अनेकांना एक तडजोड सुचत नाही, ती म्हणजे दोन भाग भरड आणि एक भाग पावाचा कोरडा चुरा असे मिश्रण. सुक्यामेव्यात पिष्ट कमी असल्यामुळे त्याचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. चुरा ते काम करतो, सुटलेले तेल शोषतो आणि आवरण हलके ठेवतो. केवळ सुकामेवा वापरण्याचा आग्रह ग्लूटेन (गव्हातले प्रथिन) टाळणाऱ्यांनी धरावा, आणि त्यांनी मग खालच्या थरासाठी मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घ्यावे. सुकामेवा लावला म्हणून पदार्थ हलका होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. ३० ग्रॅम बदामातून साधारण १७५ कॅलरी येतात, आणि तेवढी भरड एका तुकड्याला सहज लागते. तेलात तळलेल्या चुऱ्याशी तुलना केली तर हिशेब बराचसा बरोबरीचा ठरेल. ओव्हनमध्ये भाजलेल्या चुऱ्याशी केली तर सुकामेवाच जड ठरतो.

आता पद्धतींकडे वळू. ओव्हन, पसरट पॅन आणि एअर फ्रायर या तिघांमध्ये ओव्हन सर्वांत विश्वासार्ह आहे, कारण त्यात उष्णता चारही बाजूंनी आणि तुलनेने सौम्यपणे पोहोचते आणि आवरणाला कुठेही तापलेल्या धातूचा थेट मार बसत नाही. २०० अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये दीड सेंटिमीटर जाडीचा छातीचा तुकडा साधारण १५ ते १८ मिनिटांत होतो. ट्रेवर थेट ठेवलेल्या तुकड्याखाली मांसाचे पाणी साचते आणि खालची बाजू लिबलिबीत होते; ट्रेवर जाळी ठेवून तिच्यावर तुकडे मांडले की खालूनही हवा फिरते आणि हा दोष जातो. वरून थोडेसे तेल शिंपडल्यास रंग एकसारखा येतो. ओव्हनचा खरा तोटा एवढाच की पॅनमधल्या तळणीचा जो खमंगपणा असतो, तो येथे थोडा कमी पडतो.

पॅनमध्ये तो पुरेपूर मिळतो, पण लक्ष हटवण्याची सोय राहत नाही. मध्यम आच, तळाला सर्वत्र पसरेल इतके तेल आणि एक सेंटिमीटरपर्यंत पातळ केलेला तुकडा असेल तर प्रत्येक बाजूला तीन ते चार मिनिटे पुरतात. तुकडा एकदाच उलटावा. सारखे हलवल्याने आवरण सुटते. पहिली फेरी संपली की तेलात पडलेले कण काढून टाकावेत, कारण ते करपून दुसऱ्या फेरीला कडवटपणा देतात. चार तुकड्यांपर्यंत पॅन सोयीचा आहे, आठ जणांसाठी करायचे असेल तर नाही. मांडीचा भाग किंवा जाड तुकडा घेतला असेल तर केवळ पॅनवर विसंबून राहू नये: दोन्ही बाजूंना हलका रंग येईपर्यंत पॅनमध्ये ठेवावा आणि पुढचे शिजणे १८० अंशांच्या ओव्हनमध्ये होऊ द्यावे.

एअर फ्रायर म्हणजे जोराचा पंखा असलेला छोटा ओव्हनच होय, आणि त्याचे गुण-दोष त्या पंख्यातूनच येतात. तो लवकर तापतो, आवरण कोरडे व कुरकुरीत करतो आणि एक-दोन माणसांच्या स्वयंपाकाला पुरेसा आहे. पण नीट न चिकटलेले कण उडवतो आणि वरची बाजू झपाट्याने रंगवतो. ओव्हनच्या कृतीतले २०० अंश येथे जसेच्या तसे न घेता १८० ठेवावेत आणि आठव्या मिनिटाला उघडून पाहावे. तुकडे एकमेकांना टेकवून टोपली भरली तर ते भाजण्याऐवजी वाफवले जातात.

मांसाच्या निवडीत फार गुंतागुंत नाही. छातीचा भाग पातळ करता येतो आणि लवकर शिजतो, म्हणून आवरणाच्या वेगाशी त्याचा वेग जुळतो. मात्र ७४ अंशांच्या फार पुढे गेला की कोरडा पडतो. मांडीचा भाग ८० अंशांच्या पुढे गेला तरी रसाळ राहतो, पण त्याला वेळ जास्त लागतो आणि त्या वेळेत सुकामेवा करपण्याची भीती असते. छातीचा तुकडा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलके ठोकावा, जाडी सगळीकडे सारखी होईपर्यंत. हे काम टाळून एकसारखे शिजणे मिळत नाही. मीठ मांसाला अर्धा तास आधी लावावे आणि शिजवण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून कोरडा करावा, कारण ओल्या मांसावरचे आवरण शिजताना वाफेने उचलले जाते. खारवलेला सुकामेवा असेल तर हे मीठ निम्मे करावे.

चिकटवण्यासाठी मैद्याचा पातळ थर, त्यावर फेटलेले अंडे आणि शेवटी भरड, हा क्रम सर्वांत पक्का आहे. दही किंवा मोहरीचा सॉस अंड्याऐवजी चालतो आणि चवही देतो, पण अंडे उष्णतेने घट्ट होऊन आवरण धरून ठेवते तशी पकड या दोन्हींना नाही; म्हणून ते ओव्हनमध्ये वापरावेत, पॅनमध्ये टाळावेत. भरड तळहाताने दाबून लावावी आणि तुकडे २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत. ही २० मिनिटे एअर फ्रायर वापरणाऱ्याने तर मुळीच वगळू नयेत.

जेवणाऱ्यांपैकी कोणाला शेंगदाणा किंवा सुकामेवा यांची ॲलर्जी आहे का, हे बेत ठरवण्याआधी विचारलेच पाहिजे. एकाच तेलात किंवा एकाच टोपलीत केलेले साधे तुकडेही अशा व्यक्तीसाठी सुरक्षित राहत नाहीत, त्यामुळे "तुमच्यासाठी बिनसुक्यामेव्याचे वेगळे काढले आहे" एवढ्याने भागत नाही. तुकडे शिजले का, हे आवरणाच्या रंगावरून ओळखू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर बाजूने मध्यापर्यंत घालून पाहावे. वरून टोचल्यास आवरणाला भोक पडते आणि तेथून रस वाहून ते भिजते.

उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी खायचे असतील तर बदामाचे आवरण सर्वांत चांगले टिकते आणि काजूचे सर्वांत आधी मऊ पडते. मायक्रोवेव्हमध्ये दोन्ही सारखीच ओलसर होतात. १७० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवून आतपर्यंत चांगले गरम केले तर बदामाचा कुरकुरीतपणा बराचसा परत येतो, काजूचा येत नाही.