बिलात दोन प्लेट्स, पायात एकच

इम्प्लांटवाला, म्हणजे हाडात बसवायच्या प्लेट-स्क्रू विकणारा, ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराशी उभा राहून रोख मागतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्यामुळे ती पद्धत कशी चालते ते सांगत बसत नाही. आमच्याकडून ज्या धातूचे ७७,००० रुपये घेतले तो धातू माझ्या भावाच्या पायात नाहीच, आणि ते सिद्ध करताना माझी चप्पल झिजली, ते मात्र सांगायलाच हवं.

धाकट्या भावाच्या बाइकला अपघात झाला. नडगीचं वरचं टोक, जिथे गुडघ्याचा सांधा बसतो, तिथे हाडाचे दोन्ही बाजूंनी तुकडे. पाय इतका सुजला होता की लगेच कातडी उघडली तर जखम भरणार नाही, जंतुसंसर्ग होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते खरंच होतं. अशा फ्रॅक्चरमध्ये आधी बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावतात, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्या की मग प्लेट बसवतात. म्हणजे आमच्या हातात आठवडाभराहून जास्त वेळ होता. आणि त्याच हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी इम्प्लांटवाला म्हणतो, "ताई, रात्री नऊपर्यंत पैसे आले नाहीत तर सेट दुसऱ्या पेशंटला जाईल." सूज उतरण्याची वाट बघण्यात इतके दिवस गेले, आणि दोन दुकानांत भाव विचारायला दोन तास नाहीत! घाई फ्रॅक्चरला नव्हती, त्याला होती.

स्टील की टायटॅनियम हेही त्यानेच ठरवलं. "स्टील घातलं तर आयुष्यात एमआरआय विसरा." साफ खोटं. इम्प्लांटसाठी जे ३१६एल स्टील वापरतात त्यावरही बहुतेक वेळा एमआरआय करता येतो, फक्त त्या भागाचं चित्र जास्त बिघडतं. स्टीलच्या प्लेटवर हाडं वर्षानुवर्षं जुळत आली आहेत. हे मला आज माहीत आहे. त्या संध्याकाळी भाऊ आत कण्हत होता आणि मी 'इंपोर्टेड टायटॅनियम' म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं?

हिशेब असा. बाहेरच्या बाजूची प्लेट ५२,०००. आतल्या बाजूची प्लेट ४१,०००. लॉकिंग स्क्रू १७, प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ७६,५००. इन्स्ट्रुमेंट सेटचं भाडं म्हणून १४,५००. एकूण १,८४,०००, सगळे रोख, आणि बदल्यात वहीच्या कागदावर शिक्का मारलेली पावती. हॉस्पिटलचे १,३५,००० वेगळे. भाड्याचं तर हसूच येतं. ड्रिल आणि पाने काय मी घरी नेणार होते?

आता तो क्षण, जो आठवला की अजून दात-ओठ खावेसे वाटतात. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. एका बाजूला प्लेट, त्यातून आडवे गेलेले स्क्रू. दुसरी बाजू मोकळी. मी विचारलंसुद्धा, "डॉक्टर, आतल्या बाजूची कुठे आहे?" ते म्हणाले, "ती मागच्या बाजूला आहे, या फिल्ममध्ये येत नाही." मी मान डोलावली. अहो, धातू एक्स-रेमध्ये लपतो होय! प्लेट पुढे असो, मागे असो, हाडाच्या आड असो, पांढरी दिसणारच. शिवाय समोरून आणि बाजूने अशा दोन फिल्म्स काढतातच, दुसरी शेजारीच लटकत होती. मी ऑफिसात दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासते, आणि पर्समध्ये १७ स्क्रूंची पावती असताना समोरचे नऊ मोजले नाहीत. पण भाऊ शुद्धीवर आला की नाही हे बघायचं सोडून स्क्रू मोजणारी बहीण मला तरी माहीत नाही.

बिंग फुटलं ते मेडिक्लेममुळे. कंपनीने पक्कं बिल आणि इम्प्लांट स्टिकर मागितले. प्रत्येक प्लेट-स्क्रूच्या पाकिटावर कोड आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं, ते ऑपरेशनच्या कागदावर चिकटवतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही डिस्चार्जच्या आधी मागा, नंतर रेकॉर्ड रूमची चावी कधीच सापडत नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असं लिहिलंय. ते लिहून अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे चावी सापडली. स्टिकर निघाले: एक प्लेट, नऊ स्क्रू, सगळ्यांवर ३१६एल. म्हणजे टायटॅनियमही नाही. (मावसभाऊ लोहचुंबक लावून बघ म्हणाला होता. नका लावू. हे स्टीलही चिकटत नाही आणि टायटॅनियमही नाही.)

त्यांच्याच भावाने धरलं तरी आतली प्लेट ४१,००० आणि आठ स्क्रूंचे ३६,०००. झाले ७७,०००. हॉस्पिटलचं उत्तर: "किती प्लेट लागतील ते ऑपरेशन करतानाच ठरतं." मान्य. हाड उघडल्यावर बेत बदलू शकतो. मग उरलेल्या मालाचे पैसे कुठे आहेत?

पोलीस म्हणाले, "मॅडम, हा ग्राहक कोर्टाचा विषय आहे." मेडिकल कौन्सिलच्या खिडकीवर विचारलं, उपचारात हयगय झाली का? नाही, हाड छान जुळतंय. मग बिलाचं आमच्याकडे नाही. अन्न व औषध प्रशासनात विचारलं, छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं का? अहो, छापील किंमत दाखवलीच कुठे, पाकीटच पाहिलं नाही! तर म्हणे पाकीट आणा. सरकारने २०१७ मध्ये फेब्रुवारीत स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघेबदलाच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. फ्रॅक्चरच्या प्लेट-स्क्रूला तसं काही नाही. वर्षात छापील किंमत १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढाच नियम. मुळात ती कितीची छापायची हे कोण विचारतंय? महापालिकेच्या आरोग्य विभागात मी नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांची प्रतच घेऊन गेले. दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायला हवी, तिथे नव्हती. साहेबांनी नोटीस काढली. परवा गेले तर सनद फ्रेम करून लावलेली, काचेसकट. माझे पैसे तसेच.

ओटीच्या दाराशी एक रुपया देऊ नका. इम्प्लांटचं बिल हॉस्पिटलच्या नावे, कंपनी, धातू, कोड, नग, सगळं लिहून. पैसे बँकेतूनच. एक्स-रेच्या दोन्ही फिल्म्स घरी आणा आणि मोजा, लाज वाटली तरी मोजा. पुढे प्लेट काढायची वेळ आली तर काढलेली प्लेट मागून घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जायला हवं. नोटीस गेल्यावर इम्प्लांटवाल्याचा फोन आला, "ताई, ३०,००० घ्या आणि मिटवा." परत रोखच! हॉस्पिटलने लेखी उत्तर दिलंय की दुसरी प्लेट आणि आठ स्क्रू 'न वापरता पुरवठादाराला परत केले'. हे त्यांच्याच लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. आमच्या वकिलांनी ती ओळ लाल पेनने अधोरेखित करून परताव्याची पावती मागितली आहे.