लव्हाळ्याला पुरून उरणारं खुरपं

नेहमीच्या रुंद खुरप्याने लव्हाळा नुसता वरून छाटला जातो. खालची गाठ तशीच राहते आणि आठवडाभरात हिरवं टोक पुन्हा हजर! या खुरप्याचं पातं बोटभर रुंद, टोकाला दुभंगलेलं. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवून ठेवायचा, सकाळी पातं तिरकं खुपसून मूठ खाली दाबायची; गाठ मुळासकट अख्खी वर येते. गुलाबाच्या बुंध्याशी तर याला तोड नाही. हरळीपुढे मात्र तेही हात टेकतं, तिथे बोटांनीच मुळ्यांचा माग काढत जावं लागतं. झेंडू-झिनियाच्या रोपांसाठी खड्डाही याच्यानेच करते, जरा अरुंद होतो. मूठ लाकडी, हातात छान बसते. पण पॉलिश कसलं केलंय देव जाणे, घाम आला की तळवा तांबडा होतो.